सुटलेल्या वायरीची माळ

आधी आमच्या मामाच्या दुकानातला नियम ऐका, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. तुम्ही वायर जोडली, स्क्रू आवळला, की दुसऱ्या कोणीतरी येऊन ती वायर ओढायची. हळूच नाही हं, दातओठ खाऊन ओढायची. राहिली तर राहिली. सुटून हातात आली, तर ती तुमच्या गळ्यात. माळेसारखी घालायची आणि दिवसभर काढायची नाही. गिऱ्हाईकाच्या घरी तीच, रस्त्यात तीच, जेवायला बसलात तरी तीच. आणि कोणी विचारलं की हे काय गं गळ्यात, तर थाप मारायची नाही. खरं सांगायचं, माझं काम सुटलं म्हणून.

मी घातलीय. हसू नका. नेमकी त्याच दिवशी मला बँकेत जायचं होतं आणि तिथला वॉचमन ऐकेचना, म्हणे वायर बाहेर ठेवून आत जा. त्याला सगळी गोष्ट सांगितली. मग त्यानं आत जाऊन सगळ्या बँकेला सांगितली.

मामाला धंद्यातले सगळे घट्टमामा म्हणतात. फोन उचलला की हॅलोच्या आधी 'घट्ट आहे ना?' विचारतो. घरात त्यानं नळ बंद केला की पुढच्या माणसानं दोन हात लावायचे. बरण्यांची झाकणं तर विचारूच नका, मामी त्याला स्वयंपाकघरात बरणीला हात लावू देत नाही. आणि दुकान सुरू झाल्यापासून त्याच्या स्वतःच्या गळ्यात एकदाही वायर पडलेली नव्हती. पडणार कशी? त्याची वायर ओढायची हिंमत कोण करणार?

आता माझं दुखणं काय ते सांगते. वायरमनचं लायसन्स मिळालंय मला. फोटो अगदी पाकीटमारासारखा आलाय, पण लायसन्स खरं आहे. तरी मामा मला एकटीला कामावर सोडायचा नाही. मी वायर सोलतेय आणि मागे याचा श्वास. मी स्क्रू आवळतेय आणि मागून 'हं'. त्या 'हं'चा अर्थ चांगलं असा की वाईट असा, ते देवालाही कळायचं नाही. गिऱ्हाईकं माझ्या डोक्यावरून त्याच्याशीच बोलायची. मी म्हणजे स्टूल.

आणि तशात शिवणक्लासवाल्या बाईंचं काम आलं. त्यांना मीटरपासून बोर्डापर्यंतची सगळी केबल बदलून हवी होती आणि त्यांनी स्पष्ट सांगितलं की भाचीलाच पाठवा, तुम्ही आलात की माझ्या मुली मशीन सोडून तुमचे विनोद ऐकत बसतात. मला वाटलं, आता तरी! मामा म्हणाला, "बघू."

मामाच्या 'बघू'ची लांबी मामीला विचारा. मामी ब्रेड करते, केक करते, बिस्किटं तर अशी करते की लोक बोटं मोजून घेतात खाल्ल्यावर. पण सगळं एका चिमुकल्या ओव्हनमध्ये. म्हणून तिनं मोठा ओव्हन आणला. मामा म्हणाला, आपल्या घराची मेन केबल त्याला झेपणार नाही. मामी म्हणाली, मग बदला, तुमचा धंदाच तो आहे. मामा म्हणाला, बघू. तेव्हापासून तो ओव्हन खोक्यातच. वर टेबलक्लॉथ, त्यावर फुलदाणी. पाहुणे येतात आणि म्हणतात, तुमचं हे टेबल फार मजबूत आहे हो.

एक गोष्ट राहिली. मामाच्या तोंडाला कायम पुदिन्याचा वास येतो. कारण मामी त्याला पुदिन्याच्या गोळ्या देते. कारण तो चोरून सिगारेट ओढतो. जिन्याखाली मीटरचं कपाट आहे, आत माणूस वाकून मावेल एवढं. मामा अधूनमधून बॅटरी घेऊन त्यात शिरतो, दार लावून घेतो, आणि घरात जळका वास येतो. मामीनं एकदा दारातच पकडलं होतं. त्यानं नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही, मान खाली घातली आणि गोळी घेतली. तेव्हापासून शर्टाच्या खिशात गोळ्यांची डबी. आम्हाला सगळ्यांना माहीत होतं आणि आम्ही सगळे माहीत नसल्यासारखं करायचो. एवढं लक्षात ठेवा.

तर मामीनं जेवताना सौदा मांडला. ओव्हनची लाईन ही पोरगी टाकेल. केबल तीच निवडेल, जोडेल तीच. मग तुम्ही ओढून बघा. काही सुटलं नाही, तर शिवणक्लासचं काम ती एकटी करणार आणि पुढचीही सगळी एकटीच. सुटलं, तर तुमचा श्वास तिच्या मानेवर आणखी वर्षभर, ती हू की चू करणार नाही. मी घास तोंडात तसाच ठेवून मामाकडे बघत होते. मामा पाणी प्यायला, त्यानं ग्लास खाली ठेवला आणि म्हणाला, चालेल, पण मी मध्ये खोड्या काढणार.

आणि मामा खोड्या काढणार म्हणजे काय, ते मला माहीत होतं.

सकाळी त्यानं माझ्यासमोर केबलची तीन बंडलं टाकली आणि म्हणाला, निवड. त्यातलं एक असं जाडजूड की बघूनच धीर यावा. तेच त्यानं माझ्या पायाशी सरकवलं होतं. मी पकड घेतली आणि तिन्ही टोकं छाटून बघितली. त्या जाड्याच्या आत तांबं एवढंसंच. वर नुसतं कव्हर. स्वेटरवर स्वेटर घातलेला मरतुकडा माणूस असतो ना, तसं. दुसरी वायर ॲल्युमिनियमची, तिची जोडणी वेगळी असते, तांब्याच्या स्क्रूखाली तशीच सारली की दोघांचं पटत नाही, कालांतरानं तोंड काळं करून घेतात. तिसरी बारीक दिसत होती पण आत तांबं भरगच्च.

मग मी हिशेब केला. ओव्हन किती करंट खाणार ते त्याच्या पाठीवर लिहिलेलं असतं, ते वाचायला मी फुलदाणी उचलली, टेबलक्लॉथ उचलला, खोकं फाडलं. मामीनं डोळे पुसल्यासारखं केलं. पण नुसता करंट बघून भागत नाही. केबल जाणार होती स्वयंपाकघराच्या वरून, जिथं आधीच उकाडा, आणि त्याच पाइपात आणखी दोन लाईनी. गर्दीत आणि गरमीत माणसाचं काम जसं कमी होतं तसंच केबलचं. म्हणून पुस्तकात चालेल म्हणतात त्यापेक्षा मी एक साइज वरची धरली. ती नेमकी तिसरीच निघाली. मामा म्हणाला, हं.

दुसरी खोडी. त्यानं मला एमसीबी, म्हणजे लोड वाढला की आपोआप पडणारा स्विच, दिला आणि अगदी मायेनं म्हणाला, हा मोठा घे, सारखा पडणार नाही, मामीचा केक मध्येच बसणार नाही. मी तो उलटा करून आकडा बघितला आणि परत त्याच्या खिशात टाकला. एमसीबी केकसाठी नसतो, केबलसाठी असतो. केबलला ताप चढायच्या आधी त्यानं पडायला पाहिजे. हा एवढा दांडगा होता की भिंतीत केबल वितळली असती आणि हा वर आरामात बसून राहिला असता. मामा खिसा चाचपत म्हणाला, चुकून आला वाटतं.

चुकून. हो का.

मग जोडायला बसले. तुम्हाला वाटतं वायर सोलली, खुपसली, झालं. तसं नसतं रे. जेवढं आत जाणार तेवढंच सोलायचं. जास्त सोललं तर तांबं बाहेर उघडं राहतं, कमी सोललं तर स्क्रू तांब्याऐवजी कव्हरच चावतो, आणि बाहेरून दोन्ही अगदी छान दिसतं. सोलताना आतली एक तार जरी कापली गेली तर सगळं परत. टोकाला तांब्याची टोपी बसवायची, लग म्हणतात तिला, ती दाबायच्या हत्यारानं दाबायची, दातांनी किंवा पकडीनं नाही. अर्थिंगची वायर मुद्दाम थोडी लांब ठेवायची, म्हणजे कोणी केबलला हिसका दिला तर बाकीच्या सुटल्या तरी ती सगळ्यात शेवटी सुटेल. आणि केबलला बाहेर चिमटा लावायचा, म्हणजे ओढ चिमट्यावर येते, स्क्रूवर नाही.

सगळं आवळलं आणि मला तहान लागली. तिथंच मी थांबले. कारण मला माहीत होतं की मी पाणी प्यायला वळले की मामाच्या हातात स्क्रू ड्रायव्हर आलाच. अर्धा फेरा सैल करणार आणि मग साळसूदपणे ओढायला येणार. म्हणून मी मामीला खूण केली. मामीनं तिची लाल नेलपॉलिश आणून दिली, बाटलीच्या तळाशी थोडीशीच उरली होती. मी काय केलं, प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून बाजूच्या प्लास्टिकपर्यंत एक बारीक लाल रेघ ओढली. स्क्रू केसभर जरी फिरला तरी रेघ तुटणार. मोठमोठ्या कारखान्यांत असंच करतात, त्यांचा रंग फक्त इतका छान नसतो.

मग मी निवांत पाणी प्यायले. दोन ग्लास. बाथरूमलाही जाऊन आले. मामाला भरपूर वेळ दिला.

परत येऊन बघते तर न्यूट्रलवरची रेघ तुटलेली. मी नुसतं बोट ठेवलं. मामानं वाकून बघितलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग मामीकडे बघितलं. मामी आपली नखं बघत होती. मामा म्हणाला की ही लबाडी आहे. मी म्हटलं, लबाडी सैल करणाऱ्याची की रेघ ओढणाऱ्याची? तो हसायला लागला, तोंड दाबून, पण खांदे हलत होते.

मी स्क्रू परत आवळला, नवी रेघ ओढली आणि मामा ओढायला बसला. एक पाय भिंतीला लावून ओढलं. चेहरा लाल झाला. केबल जागची हलली नाही. त्यानं हात झटकले आणि म्हणाला, पास. उद्या शिवणक्लासला तू एकटी जा.

गोष्ट इथं संपायला हवी होती ना? मलाही तसंच वाटलं. मी नाचणारच होते. पण लगेच तो म्हणाला की फक्त ओव्हन लावायचा नाही. का? तर मेन केबलला झेपणार नाही.

मामीचा चेहरा असा पडला की मला बघवेना. तिनं फुलदाणी उचलून घेतली होती, ती कुठं ठेवावी हे तिला कळेना. मी म्हटलं, मग मेन उघडून बघू ना, काय आहे ते. ओव्हनच्या आधी लोड किती येतंय ते तरी बघते, म्हणून मी गीझर लावला, इस्त्री लावली. दिव्यानं डोळा मारला. तो नेहमीच मारायचा, मामा म्हणायचा ते वरूनच येतं, रस्त्यावरून. थोड्या वेळानं जळका वास आला.

मामीनं सवयीनं म्हटलं, अहो, परत? आणि मग ती थांबली. कारण मामा आमच्या समोर उभा होता. दोन्ही हात रिकामे, तोंडात गोळी. मामी त्याच्याजवळ गेली आणि तिनं त्याचा वास घेतला. शर्टाचा, हाताचा, तोंडाचा. पुदिना. नुसता पुदिना. जळका वास जिन्याखालून येत होता.

मी धावत जाऊन इस्त्री, गीझर सगळं बंद केलं, मग जिन्याखालच्या कपाटातला मेन स्विच पाडला. मामा माझ्या मागे आला आणि त्यानं कपाटाचं दार लावून त्यावर हात ठेवला. हा मामा मी कधी बघितला नव्हता. विनोद नाही, 'हं' नाही. हळू आवाजात म्हणाला, "हे माझं काम आहे. तू पास झालीस. याला हात लावलास तर सौदा मोडला."

आता तुम्ही सांगा काय करायचं. खोटं कशाला बोलू, मला ते शिवणक्लासचं काम इतकं हवं होतं की मी आदल्या दिवशीच हत्यारं पुसून पिशवीत लावून ठेवली होती. गप्प बसले असते तर सगळं माझं होतं. पण मला वाटलं, मामा म्हणाला म्हणून एक दार न उघडता निघून जायचं असेल, तर मग एकटी कामाला जाऊन तरी काय उपयोग? तो माझ्या मागे उभा राहिलाच की, घरी बसून सुद्धा.

मी म्हटलं, "मग मोडला."

आणि मामीनं फोन उचलला. विजेच्या ऑफिसातला लाईनमन तिच्या बिस्किटांचा भक्त आहे, बोलावला की येतो. मामा म्हणाला त्याला कशाला, मेन स्विच बंद आहे, मीच बघतो. मी दार उघडलं, टेस्टर काढला आणि झाकणाच्या भोकातून मेन स्विचच्या वरच्या स्क्रूला लावला. पेटला. स्विच पाडला तरी त्याच्या वरच्या बाजूला वीज असतेच, ती मीटरकडून येते आणि मीटरच्या आधीचा सीलबंद फ्यूज आपण तोडायचा नसतो, तो ऑफिसच्या माणसानंच काढायचा. हे मला कोणी शिकवलं? मामानंच शिकवलं. त्याला त्याचंच वाक्य ऐकवलं तेव्हा तो जिन्याच्या पायरीवर बसला आणि त्यानं एक गोळी तोंडात टाकली.

लाईनमन आला, बिस्किट खाल्लं, फ्यूज काढला. मी टेस्टर आधी फ्यूजच्या चालू बाजूला लावून बघितला, पेटला. मग आमच्या बाजूला, विझला. मग परत चालू बाजूला, पेटला. म्हणजे वीज गेलीय, टेस्टर मेलेला नाही. मग मी मेन स्विचचं झाकण उघडलं.

फेजच्या वायरीचं कव्हर तपकिरी झालं होतं, करपलेल्या ब्रेडच्या कडेसारखं, आणि हात लावला तर कुरकुरीत. मामी माझ्या खांद्यावरून बघत होती. लाईनमन तिच्या खांद्यावरून. मामा पायरीवरच.

नियम म्हणजे नियम. मी ती वायर धरली. दातओठ खायची तयारी केली होती, पाय कुठं टेकवायचा ते बघून ठेवलं होतं. दोन बोटांनी धरली आणि ती आली. नुसती आली हो, लोण्यातून सुरी निघावी तशी. टोक माझ्या हातात, चपटं आणि चकचकीत. तांब्याच्या सुट्या तारा नव्हत्याच, सगळ्यांवर सोल्डरचा, म्हणजे वितळवलेल्या कथलाचा, लेप, इतका सुबक की दागिना वाटावा.

आम्ही सगळे पायरीकडे बघायला लागलो.

कारण सोल्डर केलेलं टोक स्क्रूखाली घालायचं नाही, हा मामाचा पहिला धडा. दिसतं फार छान. पण सोल्डर मऊ. स्क्रूच्या दाबाखाली ते हळूहळू पसरतं, चपटं होतं, आणि आवळलेला स्क्रू आपोआप सैल पडतो. सैल पडला की तिथं गरम होतं, गरम झालं की आणखी सैल. आवळा, परत तेच. हे त्यानं मला इतक्या वेळा सांगितलंय की मी झोपेत म्हणून दाखवीन.

लाईनमन म्हणाला, "हे कोणी केलंय मास्तर?"

मामा म्हणाला, "मी."

मग सगळं बाहेर आलं. घर घेतलं तेव्हाची गोष्ट. लग्न नवं, घर नवं, मामा नवा नवा वायरमन. बाकी लोकांच्या घरी त्यानं नियमाप्रमाणे केलं होतं. पण हे आपलं घर, म्हणून जरा जास्त छान करायला गेला. मामीला त्या दिवशी जिन्याखाली येऊच दिलं नव्हतं म्हणे, आधी पूर्ण होऊ दे मग दाखवतो. एकेक तार पुसून, जुळवून, सोल्डर करून, आणि मग तिला बोलावून बॅटरीच्या उजेडात दाखवलं होतं. मामीला ते आठवत होतं. तिनं तेव्हा म्हटलं होतं, बाई, किती सुंदर. नंतर कधीतरी मामाला कळलं की हे चुकलं. पण बदलायचं तर फ्यूज काढायला लाईनमन हवा. लाईनमन बघणार, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या धंद्यात होणार की घट्टमामाच्या घरची मेन सैल आहे. म्हणून जळका वास आला की हा बॅटरी घेऊन कपाटात शिरायचा आणि गुपचूप स्क्रू आवळून यायचा.

मामी म्हणाली, "आणि सिगारेट?"

"एकदाही नाही."

"मग इतकी वर्षं गोळ्या कशाला खाल्ल्या?"

"तू देत होतीस म्हणून." मग म्हणाला, "मला पुदिना आवडत पण नाही."

लाईनमननं तोंड भिंतीकडे केलं. मी खाली बघितलं. पण मामी हसली नाही. ती ते करपलेलं कव्हर बोटानं चाचपत होती. म्हणाली, आणि आपण वर झोपत होतो. एवढंच. मग ती म्हणाली, कापून दे गं मला ती. मी वायर मापानं कापली, जरा ऐसपैस, आणि मामीनं ती त्याच्या गळ्यात घातली. टोक पुढे येईल अशी. चकचकीत बाजू बाहेर.

मामानं मान खाली केली होती घालून घ्यायला. मला ते बघून कसंतरी झालं, पण मोबाईलवर फोटो काढायला हात थांबला नाही. दाखवते नंतर.

मग आम्ही नवी मेन केबल आणायला बाजारात गेलो. मी आणि गळ्यात वायर घातलेला घट्टमामा. अरे, तो रस्ता! प्रत्येक दुकानातून कोणीतरी बाहेर आलं. पंखेवाला, पाइपवाला, मोटर गुंडाळणारा म्हातारा तर हातातली मोटर घेऊनच आला. प्रत्येकानं विचारलं आणि मामानं प्रत्येकाला खरं सांगितलं, माझं काम सुटलं. आधी पडेल आवाजात. तिसऱ्या दुकानापासून त्याला रंग चढला. चौथ्या दुकानात तर तो सिगारेटची गोष्टही सांगायला लागला, आणि पुढे ती अशी वाढत गेली की मोटरवाल्याला वाटलं, मामानं तेवीस वर्षं पुदिन्याचं व्यसन केलं.

केबल मी निवडली. एकत्र काय काय चालणार, लांबी किती, ऑफिसचा फ्यूज केवढ्याचा, घराला लोड केवढं मंजूर आहे, सगळ्यांचं जमायला पाहिजे. दुकानदार मामाकडे बघून बोलत होता. मामा म्हणाला, तिच्याशी बोल, माझ्या गळ्यात काय आहे ते दिसत नाही का.

मीच जोडली. कोरं तांबं, लग, सोल्डरचा थेंब नाही. आधी लाईनमननं ओढली. मग मामीनं, पदर खोचून. मग मामा आला, पाय भिंतीला लावला आणि असं ओढलं की आम्हाला वाटलं भिंत येईल. भिंत आली नाही, वायर आली नाही, मामाच मागे बसला. मी स्क्रूंवर लाल रेघा ओढल्या आणि त्याबरोबर मामीची बाटली संपली. लाईनमननं फ्यूज लावला, सील केलं. ओव्हन लावला, गीझर लावला, इस्त्री लावली. दिव्यानं डोळा मारला नाही.

पहिला ब्रेड निघाला तेव्हा मी धीर करून विचारलं, सौद्याचं काय? मामा ब्रेड फुंकत म्हणाला, सौदा तर तू मोडलास. मी हातातला ब्रेड खाली ठेवला. मग तो म्हणाला, "पण मी उद्या येणार नाहीये. असा गळ्यात वायर घालून मी त्या मुलींसमोर येऊ?" मामी म्हणाली, वायर तर आजच काढायचीय, नियम दिवसभराचाच आहे. मामा म्हणाला, माझी जरा जास्त दिवसांची आहे.

तर आज सकाळी मी गेले. एकटी. मानेवर कोणाचा श्वास नाही. त्या बाई थेट माझ्याशी बोलल्या, केबल कुठून नेणार, दुपारपर्यंत होईल का, सगळं मलाच विचारलं. लाईनमन आला, फ्यूज काढला, मी सगळं जोडलं, आवळलं, मग क्लासमधल्या सगळ्यात दणकट मुलीला बोलावून ओढायला लावलं. नाही सुटलं. आणि मग रेघा ओढायची वेळ आली तेव्हा आठवलं, नेलपॉलिश तर संपली.

पिशवीत सहज हात घातला तर तळाशी एक नवी कोरी बाटली. लाल.

नंतर कळलं ते असं. आम्ही बाजारातून आल्यावर मामा परत एकटाच गेला होता, गळ्यात वायर तशीच, बांगड्या-टिकल्यांच्या दुकानात. तिथल्या बाईला त्यानं विचारलं की ही वाळल्यावर कडक होते ना, उन्हात उतरत नाही ना, आणि स्क्रूवर चालेल का. तिनं त्याच्या गळ्याकडे बघितलं आणि सगळ्याला हो म्हटलं.

तर मी बाटली घेतली आणि झाकण फिरवलं. फिरेना. पदरात धरून फिरवलं, दाराच्या फटीत धरलं, त्या दणकट मुलीला दिलं, तिनं दात लावून बघितले. मामानं दुकानात उघडून बघितली होती ना, आणि परत लावली होती. शेवटी पकड घ्यावी लागली.